मातृदिन पूजेचा की हक्काचा?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाची निवड माझ्यावरच सोपवली होती. इतिहासाची शिक्षिका म्हणून एरवी मी एखाद्या लेण्याविषयी किंवा शिलालेखाविषयी लिहिले असते. परंतु गेल्या शैक्षणिक वर्षात आपल्या शिक्षक सभेत एक प्रश्न निघाला आणि तो अजूनही माझा पिच्छा सोडत नाही. काही माजी विद्यार्थ्यांनी अत्यंत आपुलकीने अशी सूचना केली होती की, इतर शाळांप्रमाणे आपल्या निवासी विद्यालयातही 'मातृदिन' साजरा व्हावा. मातांना खुर्च्यांवर बसवावे, मुलांनी त्यांचे पाय धुवावेत, औक्षण करावे, फूल द्यावे. सूचनेमागील भावना निर्मळ होती, हे मी प्रथमच नमूद करते. तरीही सभेत मी एकटीने विरोध केला. घंटा झाली, सभा संपली आणि माझे म्हणणे अर्धवट राहिले. तेच आज आपल्यासमोर पूर्ण करीत आहे.

विरोधाचे कारण पुस्तकातून आलेले नाही. आपल्या शाळेत रुजू होण्यापूर्वी मी जिल्ह्यातील दुसऱ्या एका शाळेत काही वर्षे शिकवीत होते. त्या शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे असाच कार्यक्रम होत असे आणि सूत्रसंचालन माझ्याकडे असे. एका वर्षी सातवीतला एक मुलगा पाण्याच्या टाकीजवळ एकटाच उभा दिसला. त्याची आई वारली आहे, एवढे मला ठाऊक होते. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी त्याच्या हातात पाण्याचे तबक दिले आणि आलेल्या सर्व मातांना पाणी देण्यास सांगितले. त्याला कामात गुंतवले, याचे मला त्या क्षणी समाधानही वाटले. तो निमूटपणे रांगेने प्रत्येकीच्या पुढे तबक धरीत गेला. वर्गमित्र आपापल्या आईचे पाय धूत होते आणि हा मुलगा सगळ्यांच्या आयांना पाणी देत होता. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जवळ बसवून विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "मॅडम, माही माय बाळंतपणात गेली. दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच गेली. गाडी भेटली नव्हती."

त्या दिवशी व्यासपीठावरून आईच्या थोरवीवर पाच भाषणे झाली होती. आई का मरते, हा प्रश्न एकाही भाषणात नव्हता. माझ्या सूत्रसंचालनातही नव्हता. म्हणून हा दिवस मुळात कशासाठी निघाला, हे मी पुढे शोधू लागले.

दोन मातृदिनांची मुळे

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मोबाईलवर ज्या शुभेच्छांचा पूर येतो, तो मातृदिन अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यातून आला आहे. तेथे ॲन रीव्हज जार्विस नावाची एक गृहिणी होती. तिला दहाहून अधिक अपत्ये झाली, त्यांपैकी केवळ चार मोठी झाली. गोवर, घटसर्प, विषमज्वर अशा साथी त्या काळी घरेच्या घरे रिकामी करीत. ही स्त्री देवाला कौल लावीत बसली नाही. १८५८ च्या सुमारास तिने आसपासच्या गावांतील आयांना एकत्र करून मंडळे स्थापन केली. ही मंडळे दूध तपासत, पाणी व सांडपाणी यांविषयी घरोघर जाऊन सांगत, वर्गणी काढून औषधे आणत. एखाद्या घरातील आई क्षयाने अंथरुणाला खिळली, तर तिच्या घरकामासाठी मजुरीवर बाई लावून देत. पुढे तेथे यादवी युद्ध पेटले, तेव्हा याच स्त्रियांनी दोन्ही बाजूंच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा केली.

ॲन जार्विस १९०५ मध्ये निवर्तली. तिची मुलगी ॲना हिने १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ पहिला मातृदिन भरवला आणि त्यासाठी पाचशे पांढरी कार्नेशनची फुले पाठवली. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार राष्ट्रीय मातृदिन म्हणून घोषित केला. पुढची कथा मात्र खेदाची आहे. फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रांचे कारखानदार यांनी तो दिवस काही वर्षांतच ताब्यात घेतला. ज्या ॲनाने हा दिवस सुरू केला, तीच पुढे त्याच्या बाजाराविरुद्ध आयुष्यभर भांडत राहिली. हा दिवस रद्द करावा, यासाठीही तिने खटपट केली. १९४८ मध्ये एका रुग्णालयात ती वारली. स्वतः तिला मूलबाळ नव्हते. आईने आरोग्याचे काम उभे केले, मुलीने त्या कामाची स्मृती उभी केली आणि बाजाराने त्यातले फूल तेवढे उचलले.

आता आपल्या मातीकडे वळू. मराठी दिनदर्शिकेत श्रावण अमावास्येच्या रकान्यात 'पिठोरी अमावास्या' आणि 'मातृदिन' असे दोन्ही शब्द छापलेले असतात. सावनेर परिसरात तो दिवस बैलपोळ्याचा. सकाळपासून बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, गावाच्या आखरावर तोरण आणि दुसऱ्या दिवशी लहानग्यांचा तान्हा पोळा. या गडबडीत पिठोरीचे व्रत आपल्याकडे फारसे डोळ्यांत भरत नाही. परंतु महाराष्ट्रात अनेक घरांत ते होते. पिठाच्या चौसष्ट योगिनी करून त्यांची पूजा होते आणि आई नैवेद्याचे ताट खांद्यावरून मागे धरून "अतीत कोण?" असे विचारते. मागे उभे असलेले मूल "मी" म्हणून उत्तर देते.

या व्रताची कहाणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावी. एका घरातील सून दरवर्षी श्रावणी अमावास्येला बाळंत होते आणि दरवर्षी तिचे मूल मरते. त्याच दिवशी घरात श्राद्ध असते, ते दरवर्षी बिघडते. शेवटी सासरा मेलेले मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. रानात तिला देवकन्या भेटतात आणि त्यांच्या कृपेने तिची सर्व मुले जिवंत होतात. कहाणीचा सुखान्त बाजूला ठेवला, तर हाती काय उरते? मुले मरत होती. त्याचे कारण कोणाला उमगत नव्हते. दोष मात्र आईच्या माथी मारला जात होता. घरातून हाकलली जात होती तीच आणि मुले वाचवण्यासाठी उपवास करायचा तोही तिनेच.

एक दिवस समुद्रापलीकडचा, एक इथला. एक ख्रिस्ती चर्चमधला, दुसरा व्रतवैकल्याचा. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मेलेली मुले आणि त्यांच्या आया. फरक एवढाच की, एका आईने तिच्या दुःखातून दूध तपासणारी, औषध आणणारी मंडळे उभी केली आणि दुसरीला व्रत दिले गेले.

मोहरीचे दाणे

या संदर्भात किसा गोतमीची कथा मला फार मोलाची वाटते. आपल्या प्रत्येक बुद्धविहारात ती सांगितली जाते. श्रावस्तीतील ही तरुण आई मेलेले मूल उराशी धरून औषधासाठी दारोदार फिरत होती. तथागतांनी तिला चमत्काराचे आश्वासन दिले नाही. हे तुझ्या पापाचे फळ, असेही सुनावले नाही. ज्या घरात कोणीही मेलेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, एवढेच सांगितले. ती घरोघर फिरली आणि दुःख केवळ आपले नाही, ते सर्वांचे आहे, हे तिला कळले. या कथेतून आपण बहुधा अनित्यतेचा बोध घेतो, तो योग्यच आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पिठोरीची आई गावातून रानात हाकलली जाते आणि किसा गोतमीला तथागत पुन्हा गावातील घरांकडे पाठवतात. एकीचे दुःख तिचा एकटीचा दोष ठरते, तर दुसरीचे दुःख सर्वांशी जोडले जाते. दुःख सर्वांचे आहे असे ज्या समाजाला कळते, त्याच समाजाला त्या दुःखावर मिळून उपायही शोधता येतो.

आपली परंपरा आईपणाला केवळ रक्ताचे नातेही मानत नाही. महामाया सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी गेली आणि त्याला वाढवले ते मावशीने, महाप्रजापती गोतमीने. तीच पुढे भिक्खुणी संघाची पहिली भिक्खुणी झाली. बाबासाहेबांची आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच वारली, तेव्हा घर सांभाळले आत्या मीराबाईने. सावित्रीबाई फुले यांना मूल झाले नाही. १८६३ मध्ये जोतीराव व त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेताना त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. ज्या शाळेत शेकडो मुले आईपासून दूर राहून शिकतात, त्या शाळेने तरी आईपणाचा हा विस्तृत अर्थ विसरू नये.

रमाईचे दुःख आणि बाबासाहेबांचा कायदा

आपल्या समाजात 'माता' हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला, त्या रमाई. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोली तालुक्यातील वणंद येथे झाला. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, त्यांचा विवाह झाला. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात दीर्घ आजाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. त्यांना पाच अपत्ये झाली. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले गेली. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला, त्या आघाताने बाबासाहेब खचून गेले होते.

वेस्ट व्हर्जिनियातील ॲन जार्विस आणि वणंदच्या रमाई यांनी एकमेकींचे नाव कधी ऐकले नसेल. परंतु दोघींच्या घरातील पाळणे एकाच रीतीने रिकामे झाले. या दुःखाची उत्तरे जगात अनेकांनी अनेक प्रकारे दिली. बाबासाहेबांनी जे उत्तर दिले, ते आपण रमाई जयंतीला क्वचितच सांगतो.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेस आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा. लगेच १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतातही तसा कायदा आला. राजरत्नाचा मृत्यू आणि हे भाषण यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी त्यांत कार्यकारणभाव जोडणार नाही. परंतु बाळंतपण म्हणजे काय आणि मूल जाणे म्हणजे काय, हे घरात पाहिलेला माणूस त्या सभागृहात बोलत होता, एवढे निश्चित.

बाबासाहेब तेथेच थांबले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. मूल केव्हा व्हावे, हे ठरवण्याचे साधन स्त्रीच्या हाती असावे, असा विचार त्या काळी सभागृहात मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांनी खाणींतील प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ज्या सावनेर तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, तेथील वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली.

या इतिहासात नागपूरच्या स्त्रियाही आहेत. जाईबाई चौधरी यांनी नागपूर-कामठी मार्गावर ओझी वाहिली, स्वतः शिकल्या आणि नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. राधाबाई कांबळे गिरणी कामगार होत्या. पुढे त्या कामगार स्त्रियांच्या पुढारी झाल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची जी परिषद भरली, तिला वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. त्या परिषदेचे ठराव पाहावेत. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा व निवृत्तिवेतन, विधिमंडळात प्रतिनिधित्व आणि मुलींसाठी वसतिगृहे. आमचे पाय धुवा, असा ठराव त्या हजारो आयांपैकी कोणी मांडला नाही. त्यांनी वसतिगृह मागितले. आपले विद्यालय आणि त्यातील मुलींचे वसतिगृह हे एका अर्थाने त्या मागणीचेच फळ आहे.

त्यागाच्या स्तुतीत काय हरवते

आता थोडे कटू बोलते. ते परक्यांविषयी नाही, आपल्याविषयीच आहे.

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण रमाईंची जयंती साजरी करतो. भाषणे होतात, गाणी होतात. गोवऱ्या थापणारी रमाई, अर्धपोटी राहणारी रमाई, तक्रार न करणारी रमाई आपल्यापुढे उभी केली जाते. हे सारे खरे आहे आणि ते विसरणे कृतघ्नपणा ठरेल. बाबासाहेबांनी स्वतः आपला पाकिस्तानविषयक ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण करून तिच्या सोबतीचे मोल जगापुढे नोंदवले. परंतु आपण त्या कष्टांची एवढी स्तुती करतो की, ते कष्ट कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत यासाठी केलेली लढाई मागे पडते. त्यागाची स्तुती ऐकून घरी गेलेला पुरुष आपल्या पत्नीकडूनही त्याच त्यागाची अपेक्षा करू लागला, तर त्या जयंतीने काय साधले? वयाच्या ३७ व्या वर्षी आजाराने गेलेल्या स्त्रीच्या नावाने आपण आरोग्य तपासणी न करता फक्त गाणी म्हणावीत, हे मला पटत नाही.

हे मी अनुभवावरून म्हणते. माझी आई कापूस वेचायला जात असे. पोटुशी असतानाही शेवटच्या दिवसापर्यंत ओटा बांधून ती तासाच्या तासावर वाकत असे, असे आजी सांगायची. तिची सहा बाळंतपणे झाली, आम्ही तीन भावंडे उरलो. मी शिक्षिका झाले आणि माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला पगारी रजा मिळाली. घरी बसून पगार येतो, हे माझ्या आईला कित्येक दिवस खरेच वाटत नव्हते. "काम नाही केलं तरी देतात?" असे ती पुन्हा पुन्हा विचारी. तिच्या आणि माझ्या बाळंतपणांत फरक पडला तो कोणा योगिनीच्या कृपेने नव्हे. शिक्षणाने आणि कायद्याने पडला. परंतु त्याच वेळी माझ्या शेजारी राहणारी बांधकामावरची बाई बाळंतपणानंतर काही दिवसांतच घमेले उचलताना मी पाहिली. कायदा तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता. आजही आपल्या विद्यार्थ्यांच्या बहुसंख्य माता कापूस वेचणी, संत्रा तोडणी, वीटभट्टी आणि बांधकाम यांतच आहेत. २६ आठवड्यांची रजा त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांना मुलाच्या हातून पाय धुऊन घ्यायला बोलावताना त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही.

मग आपण काय करावे?

केवळ नाही म्हणून थांबणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून माझी सूचना स्पष्टपणे मांडते. आपल्या विद्यालयाने ७ फेब्रुवारी हाच आपला मातृदिन मानावा. मे महिन्यातील रविवारी शाळेला सुट्टी असते, पोळ्याला मुले गावी जातात. ७ फेब्रुवारीला मात्र शाळा भरलेली असते. त्या दिवशी पूजा नको, काम व्हावे. ज्या मुलाची आई नाही त्यालाही त्या कामात बरोबरीची जागा असावी. त्याच्या हाती पाण्याचे तबक येऊ नये.

पहिले काम आरोग्याचे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहेत, आशा सेविकाही आहेत. त्यांनी हा एक दिवस शाळेला द्यावा. येणाऱ्या प्रत्येक मातेचे हिमोग्लोबिन तपासले जावे. नागपूर विभागात आणि विशेषतः आपल्या समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. रक्ताच्या एका तपासणीने हे लग्नापूर्वीच कळू शकते. आपल्या मोठ्या मुलामुलींना ते त्याच दिवशी समजावून सांगता येईल.

दुसरे काम हक्काचे. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल, तर कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते आणि प्रसूतीसाठी अर्थसाहाय्य मिळू शकते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. हे अर्ज भरताना आपल्या भगिनी कागदपत्रांत अडकतात. आपले वकील आणि कार्यालयांत काम करणारे माजी विद्यार्थी शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले, तर एका दिवसात कितीतरी अर्ज पूर्ण होतील. ज्या मातेची मजुरी बुडेल, तिची मजुरी व एसटीचे भाडे माजी विद्यार्थी निधीतून द्यावे. हारतुऱ्यांपेक्षा हा खर्च अधिक सार्थ ठरेल.

तिसरे काम नावाचे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवून दिला आहे. अनेकांना ही गोष्ट नवी वाटली. वास्तविक आपल्याच भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजे आईचे नाव लावीत. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमी बलश्रीने भिक्खू संघाला लेणे दान दिल्याचा शिलालेख आहे. त्यात ती स्वतःच्या नावानिशी, राजाची आई आणि राजाची आजी म्हणून उभी आहे. आपल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्येही आईच्या नावाचा रकाना आहे. तो रकाना मी अनेक वर्षे भरला आहे आणि प्रामाणिकपणे सांगते, कित्येकदा मुलालाच आईचे पूर्ण नाव सांगता आले नाही. "आई" एवढेच त्याला ठाऊक. त्या दिवशी प्रत्येक मुलाने आईशी किंवा ज्या आजी, मावशी, आत्याने त्याला वाढवले तिच्याशी बोलून तिचे नाव, गाव, तिचे शिक्षण कुठे थांबले आणि का थांबले, हे एका पानावर लिहावे. ती पाने शाळेने जपून ठेवावीत. पन्नास वर्षांनी एखादा इतिहासाचा विद्यार्थी ती वाचील, तेव्हा त्याला आपल्या समाजाचा खरा इतिहास सापडेल.

शेवटचे काम सर्वांत जवळचे आणि म्हणून सर्वांत अवघड. रमाई धारवाडला वराळे यांच्या वसतिगृहात गेल्या असता तेथील मुले उपाशी असल्याचे पाहून त्यांनी हातातील बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट आपण प्रत्येक वर्गात सांगतो. माझ्या मते आपल्यासारख्या निवासी शाळेचे रमाईशी सर्वांत जवळचे नाते याच गोष्टीने जोडले जाते. मग आपल्या वसतिगृहात तीनशे मुलांच्या पोळ्या लाटणाऱ्या, रात्री तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या, पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या लेकरांना जवळ घेणाऱ्या मावशींचे काय? हे वाचणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला त्या आठवत असतील. त्यांच्या हातची भाजी आठवत असेल, दटावणी आठवत असेल. त्यांचे पूर्ण नाव आठवते का? मला स्वतःला दोघींची नावे विचारून घ्यावी लागली. या स्मरणिकेत संस्थापकांची, देणगीदारांची आणि आम्हा शिक्षकांची छायाचित्रे आहेत, ती असावीतच. त्यांच्या ओळीत मावशींची छायाचित्रेही नावानिशी यावीत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना भविष्य निर्वाह निधी, पगारी आजारपणाची रजा आणि तरुण मावशींना प्रसूतीची रजा मिळावी. विद्यालयाचे उत्पन्न मर्यादित आहे, हे मी जाणते. परंतु ज्या हक्कासाठी बाबासाहेब १९२८ मध्ये विधिमंडळात उभे राहिले, तो हक्क त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नसेल, तर आपल्या जयंत्यांना अर्थ उरत नाही. पुढील सभेत मी हा ठराव लेखी मांडणार आहे. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी वेगळा निधी उभारला, तर संचालक मंडळालाही तो नाकारण्याचे कारण उरणार नाही.

पाण्याचे तबक घेऊन फिरणारा तो मुलगा आज तिशी ओलांडून गेला असेल. तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. त्याला मी त्या दिवशी काय द्यायला हवे होते, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. त्याच्या आईसाठी त्या रात्री गाडी मिळायला हवी होती. तेवढी एक गोष्ट आपल्या परिसरातील प्रत्येक आईला मिळेल यासाठी झटणे, हाच माझ्या दृष्टीने मातृदिन.

जय भीम. नमो बुद्धाय.